चौथा वाटा

माशाला पिसांची हौस असते हे अप्पांना पटणं शक्यच नव्हतं. ग्रेगनं डबी उघडून रंगीत पिसं बांधलेले गळ दाखवले, तेव्हा माझ्या वडिलांनी एकेक निरखून पाहिला आणि मला विचारलं, की हा मासे धरतो की त्यांची लग्नं लावतो?

२००६ सालचा फेब्रुवारी होता. मी परदेशात, लोअर हट या गावी राहतो, पुलांची डिझाइन्स तपासतो. आकड्यांवर भरवसा ठेवणारा माणूस. आई गेल्यावर अप्पांना तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं होतं आणि त्यांनी आता परत जाऊच नये असं मला फार वाटत होतं. पुण्यातल्या त्या बंद फ्लॅटमध्ये ते एकटे, ही कल्पनाच सहन होत नव्हती. पण इथं त्यांचा जीव रमेना. माझी लेक सिद्धी मराठी समजत असून इंग्रजीत उत्तरं द्यायची, ते नुसते हसायचे आणि खिडकीशी जाऊन बसायचे. जायला आठवडा उरला होता.

शेवटचा उपाय म्हणून मी ही सहल ठरवली. अप्पांचं बालपण मालवणजवळच्या देवबागचं, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाडी. पाणी आणि मासा दिसला की माणूस खुलेल, असा माझा सरळ हिशेब. टे आनाऊहून ग्रेग हा वाटाड्या आम्हाला जंगलातल्या एका नदीवर घेऊन गेला. काठावर शेवाळानं माखलेली बीच जातीची उंच झाडं, ओल्या मातीचा वास आणि सँडफ्लाय या चावऱ्या माश्यांचा उच्छाद. पाणी इतकं नितळ की गुडघाभर वाटलं तिथं छातीभर निघालं.

वाटेत ग्रेगनं सांगितलं होतं, की इकडच्या पाण्यात एके काळी अटलांटिक सामन मासे असायचे. फार लांबून आणून सोडलेले. समुद्राकडे न जाता ते तळ्यांतच राहिले, आणि हळूहळू संपले. त्यानं स्वतः कित्येक वर्षांत एकही पाहिला नव्हता. अप्पांनी हे माझ्याकडून दोनदा समजून घेतलं.

"घरची वाट विसरले असतील," ते म्हणाले.

ग्रेगनं त्यांना रॉड झुलवायला शिकवलं. अप्पांनी ते ऐकून घेतलं आणि दोरी सरळ हातात धरली, लहानपणी खाडीत गरी टाकायचे तशी. दुपार झाली. नदीवर धुकं उतरलं होतं. अचानक दोरी ताणली गेली आणि अप्पा दोन पावलं पाण्यात ओढले गेले. मी त्यांच्या कमरेला मिठी मारली, ग्रेग जाळी घेऊन धावला. पुलांच्या केबल्स बघण्यात माझं आयुष्य गेलंय. दोरीचा ताण एकाच बाजूनं नव्हता. अप्पांच्या हातांमागे तिचा जो भाग सैल लोंबायला हवा होता, तोही ताठ होता. आमच्या मागून कुणीतरी ओढत असल्यासारखा.

मासा जाळीत आला. ग्रेगनं त्याची शेपटी पाहिली, ठिपके पाहिले. संपला म्हणून सांगितलेला तोच सामन होता. ग्रेग काही बोलायच्या आत अप्पांनी दगड उचलून मासा मारला. धरलेला मासा सोडतात हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मला सुचलं नव्हतं.

ग्रेगनं पाठ फिरवली. मग म्हणाला, की आता खाऊ या, वाया घालवायला नको. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानं शेकोटी पेटवून मासा भाजला. अप्पांनी सपाट दगडावर फर्नची पानं मांडली आणि वाटे घातले. चार.

माझ्या लक्षात आलं. देवबागला रापण, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं, ओढतात, तेव्हा दोरीला ज्याचा हात लागला त्याला वाटा मिळतो, मग तो वाटेनं जाणारा परका का असेना. अप्पा आणि त्यांचे थोरले भाऊ राजाराम रापणीला बरोबर असायचे. राजारामकाका विशीत असताना खाडीत होडी घेऊन गेले. होडी तेवढी परत आली. त्यानंतर अप्पांनी एकदा भावाचा वाटा घातला, तर आजीनं, त्यांच्या आईनं, हात धरून त्यांना अडवलं होतं.

"दोरीला चौथा हात होता," अप्पा म्हणाले. "तूही पाहिलंस."

मी नाही म्हणू शकलो असतो. पण इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांचे डोळे हसत होते. मी चौथं पान उचललं, पाण्याकाठच्या खडकावर ठेवलं आणि म्हणालो, "काका, हा तुमचा."

हात धुऊन आलो तर पानावर मासा नव्हता. ग्रेग म्हणाला, वेका पक्षी असेल, महाचोर असतो. पण काटे पानाच्या कडेला एका रेषेत लावलेले होते. अप्पा लावतात तसे.

परतताना एक ओढा ओलांडायचा होता. ग्रेगनं आम्हाला एकमेकांच्या दंडात दंड अडकवून एका ओळीत उभं केलं. तो पुढे, मग मी, शेवटी अप्पा. मध्यावर पोचल्यावर तो मागं न बघताच ओरडला, "शेवटच्याला सांग, पाऊल आपल्याबरोबर टाकायला."

अप्पा बरोबरच टाकत होते.

पलीकडे गेल्यावर त्यानं आमच्याकडे पाहिलं, ओढ्याकडे पाहिलं. गाडीपर्यंत तो झपाझप पुढे चालत राहिला. पैसे घेतले आणि हात न मिळवता निघून गेला.

आम्ही भाड्याच्या गाडीत बसलो. अप्पा आपणहून मागच्या सीटवर बसले, एका कडेला सरकून.

"श्री," ते म्हणाले, "मी आता जात नाही. इथंच राहतो."

मला रडू फुटलं. हेच तर हवं होतं. ते मालवणीत काहीबाही बोलू लागले, खाडीचं, होडीचं, आजीच्या हातच्या तिरफळ घातलेल्या बांगड्याच्या कढीचं. मधूनच थांबायचे, हसायचे. मी ऐकत गाडी चालवत राहिलो. कितीतरी वर्षांनी मला माझे वडील परत मिळाले होते.

वळणावर मी आरशात पाहिलं.

अप्पा झोपले होते. मान कलली होती, तोंड मिटलेलं.

बोलणं चालूच होतं.

"पुरुषोत्तम," आवाजानं अप्पांना हाक मारली, "तुज्या झिलाच्या घराक खोल्यो किती रे?"

अप्पा जागे झाले नाहीत. मी आरशातून नजर काढून रस्त्यावर ठेवली. जागा नाही म्हटलं तर अप्पाही राहणार नाहीत, एवढं मला कळत होतं.

"तीन," मी म्हणालो. "पण अप्पांची मोठी आहे, काका."