बत्ती विझव

सुलतानपूरच्या फाट्यावर लाईट गेली होती. लोणारची एसटी यायची होती. थांब्यावरच्या पोरांना अर्जुनराव म्हणाले, "ऐकीव नाई सांगत. बीबी गावचा भागवत माह्या सख्ख्या साडूचा पोरगा. त्याच्यावर बेतलेलं हाये."

भागवत आणि त्याचा चुलतभाऊ गजेंद्र कोकणात एका खानावळीत कामाला होते. गेल्या मार्गशीर्ष अमावस्येला पाहुणे वाढले, मासळी कमी पडली. गजेंद्र दुपारीच होडी घेऊन गळ टाकायला गेला. एका माणसापुरती प्लास्टिकची होडी, कयाक म्हणतात तिला. मोठ्या लाटा फुटून जाऊ द्यायच्या, उसंत मिळाली की नाक सरळ धरून वल्हं मारत पार व्हायचं. परत यायचं ते लाटेच्या पाठीमागून. होडी आडवी झाली की उलटलीच. कोरडवाहू रानातल्या पोरानं हे सगळं अंगी बाणवलं होतं.

अंधार पडला तरी गजेंद्र आला नाही. भागवत बॅटरी घेऊन किनाऱ्यावर गेला. वारा फिरला होता. लाटा डोक्याएवढ्या उठत होत्या.

"भागवत! बत्ती दाखव बे! किनारा दिसून नाही राह्यला!"

हाक लाटांपलीकडून आली. भागवतनं बॅटरी उंच धरली. "थांब! मोठी येऊन राह्यली! ...आता ये!"

होडी आली. आडवी होता होता सावरली. ओसरत्या पाण्यानं तिला पुन्हा आत ओढलं. पुन्हा आली. पुन्हा ओढली. गजेंद्रची हाक बारीक होत चालली.

तेवढ्यात पाठीमागं, अगदी कानाशी, कोणी बोललं.

"बत्ती विझव. मी आलो इकडून."

गजेंद्रचाच आवाज. शांत. धाप नाही.

भागवत वळला. कोरडी वाळू. कोणी नाही.

"भागवत... बत्ती..." समुद्रातून.

"विझव बे. तो मी नाही." मागून.

भागवतचा अंगठा खटक्यावर होता. दाबला नाही, आणि समुद्रात भलतंच काही असलं तर? दाबला, आणि भाऊ तिकडेच असला तर...?

त्यानं बॅटरी दातांत धरली. पाण्यात शिरला. छातीपर्यंत. होडी अंगावर आली. खांदा निखळल्यासारखा झाला. अंधारात एक हात सापडला. थंडगार. तो हात त्याला आत ओढत होता...

त्यानं सोडला नाही.

वाळूवर आला तेव्हा गजेंद्र जिवंत होता. पाणी ओकून झाल्यावर तो भावाकडे बघत राहिला.

"तू मले समुद्रातून काऊन बोलवत होता?"

"मी?"

"माह्या मागून. 'किनारा इकडे हाये' म्हणे..."

दुसऱ्या दिवशी दोघांनी बीबीची वाट धरली, ती कायमची.

पौषातली अमावस्या. गजेंद्रच्या घरी सगळे जेवत होते, भागवतही. गजेंद्रची आई भिमाबाई दार लावायला उठली. बाहेरून आवाज आला.

"काकू, बत्ती विझवा."

भागवतचा आवाज.

भागवतच्या हातातला घास हातातच राहिला. भिमाबाईनं कडी घातली. दिवा तसाच ठेवला. रात्रभर कोणी निजलं नाही.

उजाडल्यावर दार उघडलं. अंगणातल्या काळ्या मातीत रुंद रेघ उमटली होती, होडी ओढत आणल्यासारखी. ओली. भिमाबाईनं बोट लावून जिभेवर ठेवलं. खारट.

रेघ रस्त्यावरून आली होती आणि उंबऱ्याशी थांबली होती. माघारी गेल्याची खूण कुठंच नव्हती.