जबाबवाल्या बाई

पोलीस ठाण्यात त्यांना सगळे ‘जबाबवाल्या बाई’ म्हणत. नव्या शिपायांना शिकवताना त्या सांगत, “साक्षीदाराला घाई करायची नाही आणि त्याच्या तोंडात आपले शब्द घालायचे नाहीत. काय दिसलं, एवढं विचारायचं आणि गप्प बसायचं. गप्प बसता आलं की अर्धं काम झालं, बाळांनो.”

आताचं प्रकरण एका शिंपीणबाईचं होतं. आदल्या दुपारी तिच्याच दुकानात कुणीतरी तिचं डोकं फोडलं होतं. संशयावरून पोलिसांनी तिच्या दिराला धरलं होतं. पण संध्याकाळपर्यंत पक्का जबाब मिळाला नाही, तर त्याला सोडावं लागणार होतं. आणि तो जाणार कुठे? त्याच घरात, जिथे तिची लहानगी मुलगी होती.

आधी दुकानासमोरचा घड्याळजी आला.

“दुकानात कोण कोण दिसलं?”

“ती होती. आणि खुर्ची ओढून बसलेली एक बाई.” त्याने डोळे किलकिले केले. “रागावू नका, पण तुम्हीच होतात की! बायकोचा वाढदिवस विसरेन मी, चेहरा नाही विसरत.”

बाई हसल्या. असं होतं. समोर बसलेल्याचा चेहरा साक्षीदाराच्या आठवणीत झिरपतो, हे त्या स्वतःच शिकवत. शिवाय आदल्या दुपारी त्या वर्गावर होत्या. अख्खा वर्ग त्याला साक्षी होता.

तरी पुढच्या साक्षीदाराला, कोपऱ्यावरच्या पाववाल्याला, त्यांनी भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि स्वतः मागून आल्या.

“एक बाई होती,” तो भिंतीला सांगू लागला. “चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. मान डावीकडे कललेली. बोलत नव्हती काही. नुसती ऐकत होती.”

बाईंनी आपली मान सरळ केली.

इस्पितळात शिंपीणबाईच्या डोळ्यांवरून जाड पट्टी बांधली होती. डॉक्टरांनी थोडाच वेळ दिला होता. बाईंनी खुर्ची ओढली, रेकॉर्डर चालू केला.

“घाई नाही, पोरी. आठवेल तसं सांग.”

“पुन्हा आलात, बाई?”

“आपण पहिल्यांदाच भेटतोय.”

“नाही हो. तेव्हाही अशाच खुर्ची ओढून बसलात. हेच म्हणालात, घाई नाही, पोरी.”

रेकॉर्डर चालूच होता. न्यायालयात हे ऐकलं गेलं, की जबाब गेला केरात. दीर मोकळा.

आता गप्प बसायला हवं होतं. पण बाईंनी विचारलं, “आणखी काय म्हणाले मी?”

“म्हणालात, तो येतोय. नीट बघून ठेव. नंतर तू मला सांगायचंयस.”

सलाईन थेंब थेंब गळत होतं.

चालू जबाबात बाईंचा अंगठा कधी बटणाकडे गेला नव्हता. आज गेला.

पट्टी बांधलेला चेहरा हळूच त्यांच्याकडे वळला.

“बंद नका ना करू, बाई,” ती कुजबुजली. “तेव्हा तुम्ही बंद केलंत, आणि मगच तो आत आला.”