शेगडीजवळची खुर्ची

इसोबेल गिलिसने बिस्किटांचा डबा टेबलावर ठेवला, झाकण काढलं आणि एक बिस्किट स्वतःच्या तोंडात टाकलं. ते पुरतं चावून गिळल्यावरच तिने डबा पुढे सरकवला.

"आता तुम्ही घ्या," ती म्हणाली. "हल्ली आमच्याकडचं कुणी असंच खात नाही. आधी मला खाऊन दाखवावं लागतं."

डब्याकडे निघालेला मॅग्नसचा हात मधेच थबकला. उना टलकने मात्र दोन बिस्किटं उचलली.

१९६८ चा जानेवारी होता. उनाच्या इन्व्हरनेसमधल्या लहानशा कचेरीच्या खिडकीवर बर्फ साचलं होतं. ती खाजगी तपासनीस होती. मॅग्नस तिचा शेजारी, निवृत्त बस ड्रायव्हर. बर्फात गाडी चालवायची तिला धास्ती आणि घरी बसायचा त्याला कंटाळा, म्हणून तो तिच्याबरोबर हिंडायचा.

"चहाघर नवऱ्याच्या माघारी मीच चालवते," इसोबेल सांगू लागली. "हिवाळ्यात प्रवासी नसतात, गावातलीच माणसं येतात. नवीन वर्ष लागलं आणि हे सुरू झालं. आधी लॅमंट मास्तर. डोकं धरून बसले आणि बाहेर जाऊन ओकले. मग माझा दीर टॉर्मोड. आणि मागच्या आठवड्यात सासूबाई. खुर्चीत डोळे मिटून बसल्या होत्या. गाल असे गुलाबी की मला वाटलं छान झोप लागलीय. हलवलं तर शुद्धच नाही."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"अन्नातून काहीतरी गेलं म्हणाले. हॉस्पिटलात त्या लवकरच सावरल्या. पण आरोग्य खात्याचा माणूस येऊन दुकान बंद करून गेला." तिने ओठ दाबून धरले. "घर सासूबाईंच्या नावावर आहे, टलकबाई. आमचं दोघींचं कधी फारसं पटलं नाही, हेही गावाला ठाऊक आहे. मीच विष घातलं असं बोलतात लोक. उद्या त्या घरी यायच्यात. त्यांच्या हातात चहाचा कप देताना माझा हात कापणार, आणि तो कापताना सगळे बघणार."

"तुम्ही घातलंत का?" उनाने सरळ विचारलं.

"नाही."

"मग चला. मॅग्नस, गाडी काढ."

*

गाव तळ्याच्या काठाला होतं. एकच रस्ता, एका बाजूला चहाघर, समोर डॉलिना मन्रोचं हॉटेल. मॅग्नस गाडीतून उतरला आणि हात चोळत वर बघू लागला.

"काय देखणं दिसतंय बघ, उना. बाकीची धुराडी काळी तोंडं वासून बसलीत. गिलिसबाईंच्या धुराड्यावर मात्र बर्फाची गोल टोपी."

"हं," उना म्हणाली आणि तीही जरा वेळ वर बघत राहिली.

चहाघराची खोली गारठून गेली होती. कोपऱ्यातली लोखंडी शेगडी विझलेली. तिच्या अगदी जवळ उंच पाठीची खुर्ची, आणि खुर्चीखाली ब्रॅन नावाचा म्हातारा कुत्रा.

"आजीची खुर्ची," इसोबेलची मुलगी श्योना म्हणाली. वीस-बावीसची, हडकुळी, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. "दुकान बंद झाल्यापासून आम्ही मागे स्वयंपाकघरातच असतो. तिथे विजेची चूल आहे."

"कुत्रा बरा आहे ना?"

"आता चालतोय तरी. आजीला नेलं तेव्हा त्याला उभंसुद्धा राहता येत नव्हतं. म्हातारा झालाय बिचारा."

"तो काय खातो?"

"घरी ओट्सची पेज. आजीने सवय लावलीय."

"आणि मास्तरांनी त्या दिवशी काय खाल्लं होतं?"

"मास्तर?" श्योना हसली. "त्यांना साखर चालत नाही, लोणी चालत नाही. ते नुसतं गरम पाणी मागतात आणि आजीशेजारी बसून गावाची निंदा करतात."

मॅग्नसने मनाशी हिशेब मांडला. पाण्यातच काहीतरी असणार! पण त्याच पाण्याचा चहा सगळ्या गावाने प्यायला होता. त्याने हिशेब सोडून दिला.

"तुला नाही कधी त्रास झाला?" उनाने विचारलं.

"मला? नाही. दुपारी मी घरात नसतेच. रुअरी येतो आणि मला फिरायला ओढून नेतो, बर्फ पडत असलं तरी." ती जराशी लाजली. "वसंतात लग्न आहे आमचं. आधी तोही शेगडीला चिकटून बसायचा. हल्ली दाराशी बसतो, तोही कोट घालून. जंगलात झाडं तोडून रक्त गरम झालंय म्हणतो."

"आणि आईला?"

"डोकं दुखतं तिचं. पण ते तर वर्षभर दुखतं. ती मागे असते आणि मागचं दार सताड उघडं ठेवते."

उनाने गुडघ्यावर बसून शेगडीचं दार उघडलं. आतली राख तिने बोटांत चुरडून पाहिली. "पीट नाही जाळत? इथे तर सगळे दलदलीतली ती वाळवलेली माती जाळतात."

"यंदा नाही. पीटने भिंती काळ्या होतात म्हणून आईने या हिवाळ्यात बिनधुराचा कोळसा आणला. धूर नाही, वास नाही."

*

टॉर्मोड गिलिस गावाबाहेर एकटा राहायचा. त्याने दोघांना दारातच उभं केलं.

"भावजय मला आवडत नाही," तो म्हणाला. "तोंडावर सांगतो. माझ्या भावाच्या घरात येऊन मालकीण झाली. पण तिने विष घातलं असं मी म्हणणार नाही."

"काही लोक तुमचंही नाव घेतात. आई गेली तर घर तुम्हालाही मिळेल."

"मी स्वतः मरायला टेकलो होतो की! आईशेजारी शेकत बसलो होतो. अर्धा वाडगा सूप प्यायलो आणि डोक्यात घण बसायला लागले. घरापर्यंत चालत आलो, बर्फाचा वारा लागला, तेव्हा कुठे जिवात जीव आला."

"यंदा तुम्ही त्यांच्या छपरावर चढला होतात म्हणे."

"शरद ऋतूत. छपराच्या फुटलेल्या दगडी फरश्या बदलल्या. उरलेल्या मागे भिंतीला टेकवून ठेवल्यात. का? फरशीने पोट बिघडतं का कुणाचं?"

त्याने दार आपटलं. "हाच तो," मॅग्नस गाडीत बसता बसता म्हणाला. "डोळे बघितलेस त्याचे?"

"बघितले. आईसाठी रडलेले होते."

हॉटेलवाली डॉलिना मन्रो काठी टेकत बाहेर आली. तिचं कंबरेचं हाड मोडलं होतं आणि नीट जुळलं नव्हतं. चहाघर बंद पडून फायदा कुणाचा झाला असेल तर तिचाच.

"तुम्ही मागच्या दाराने बरण्या पोचवता, असं गावात कुजबुजतात," उना म्हणाली.

डॉलिना लालबुंद झाली. "कुणी सांगितलं? मेली ती टपालवाली! अहो, मुरंबा आहे तो, काळ्या मनुकांचा. पेगी म्हातारीला सुनेच्या हातचा आवडत नाही. चोरून खाते. इसोबेलला कळलं तर ती दोघींचा गळा धरील."

"एखादी बरणी आहे?"

डॉलिनाने बरणी आणली. उनाने तिथेच चमचाभर खाल्ला. मॅग्नसने डोळे मिटून घेतले.

"छान झालाय," उना म्हणाली. "तुमच्याकडे मोठी शिडी आहे का हो?"

रुअरी संध्याकाळी चहाघरातच भेटला. रुंद खांद्यांचा, गोड बोलणारा तरुण. त्याने इसोबेलसाठी लाकडं फोडून आणली होती.

"वाईट झालं," तो म्हणाला. "मी तर आधीपासून म्हणतोय, इसोबेलकाकूंनी हा व्याप आवरावा. श्योनाला ग्लासगोत नर्सिंगला जागा मिळाली होती, या दुकानापायी तिने सोडली. मलाही तिथे काम मिळतंय."

"आणि आजी?"

"आजी हट्टी! किती वेळा सांगितलं, त्या शेगडीपासून जरा लांब बसा म्हणून. ऐकतील तर ना."

"खरंय," उना म्हणाली. "म्हातारी माणसं ऐकत नाहीत."

*

दुसऱ्या दिवशी उनाने मॅग्नसला इसोबेल आणि श्योनाबरोबर हॉस्पिटलात धाडलं. पेगी आजी मागच्या सीटवर सुनेशेजारी बसली आणि वाटभर खिडकीबाहेर बघत राहिली. सुनेने पांघरूण सारखं केलं तेव्हा तिने ते ओढून स्वतः सारखं केलं.

परत आले तेव्हा चहाघरात शेगडी रसरसून पेटली होती. उनाचे मोजे ओलेचिंब होते आणि नाकावर काजळी होती. समोर डॉलिना काठी टेकून उभी होती, आणि हॉटेलची मालकीण पहिल्यांदाच या उंबऱ्याच्या आत आल्यामुळे सगळे तिच्याकडेच बघत होते. टॉर्मोड खिडकीपाशी, रुअरी दाराशी. प्रत्येकजण दुसऱ्याच्या हाताकडे बघत होता.

"आजी, तुमच्या खुर्चीत बसा," उना म्हणाली. "श्योना, तू त्यांच्या पायाशी बैस. मॅग्नस, दार लाव. खिडक्यासुद्धा. फट राहायला नको."

मॅग्नसने खिट्ट्या सरकवल्या. ब्रॅन येऊन शेगडीपुढे आडवा झाला. कोळसा तेवढा लाल होत गेला.

रुअरीने कॉलर सैल केली. "दार उघडू का जरा?"

"थंडी आत येईल."

"पण म्हातारं माणूस आहे, गुदमरेल. श्योना, तू उठ तिथून."

"मला बरं वाटतंय," श्योना म्हणाली.

"उठ म्हणतो ना!" तो धावत आला आणि दंडाला धरून त्याने तिला उभं केलं. "बाहेर चल!"

"का?" उनाने शांतपणे विचारलं. "विष चहाबरोबरच्या गोड पावात, स्कोनमध्ये असेल, सूपमध्ये असेल. इथे तर अजून कुणी घोटभर चहासुद्धा घेतला नाही. मग तुला भीती कशाची वाटते, रुअरी?"

रुअरीचा हात सुटला.

उनाने टेबलाखालून एक काळी फरशी काढून सर्वांपुढे ठेवली. तिच्या एका अंगाला धुराड्यातल्या जुन्या काजळीचा गोल उमटला होता. "सकाळी ही मी धुराड्यावरून काढली. शिडी डॉलिनाबाईंनी धरली होती. आता हवा स्वच्छ आहे, आजी, घाबरू नका."

"मी कुठे घाबरलेय?" पेगी आजी म्हणाली. "तू बोल."

"मास्तरांनी नुसतं पाणी प्यायलं, टॉर्मोडनी सूप, आजींनी मुरंबा..."

"कसला मुरंबा?" इसोबेलने विचारलं.

"ते नंतर. कुत्रा तर घरची पेज खातो. चौघांच्या खाण्यात सारखं काहीच नव्हतं, सारखी होती ती फक्त जागा. बाहेरचा वारा लागला की टॉर्मोडना बरं वाटलं, शेगडी विझली तेव्हा कुत्रा चालायला लागला. आणि बेशुद्ध माणसाचे गाल गुलाबी! कोंडलेल्या कोळशाचा विषारी वायू गाल असेच रंगवतो. त्याला ना वास, ना रंग."

"पण धुराडं बंद आहे हे तुला कसं कळलं?" मॅग्नसने विचारलं.

"तूच सांगितलंस. सगळी धुराडी तोंडं वासून होती आणि या एकावर टोपी. उघड्या तोंडावर बर्फ कसं टिकेल, मॅग्नस? खाली काहीतरी ठेवलेलं असणारच."

"फरशी माझ्या ढिगातली आहे," टॉर्मोड घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"आहे. पण तुम्ही ठेवली असती तर तिथेच शेकत बसला नसता. डॉलिनाबाईंना छपरावर चढता येत नाही. इसोबेल याच घरात झोपते. वर चढू शकणारा, आणि शेगडी टाळणारा, असा एकच माणूस उरतो. आधी तो शेगडीला चिकटून बसायचा, नंतर दाराशी. श्योनाला रोज बाहेर न्यायचा. सगळं गाव स्कोनला नावं ठेवत होतं, तेव्हा हा आजींना शेगडीपासून लांब बसायला सांगत होता. हे त्याला कसं माहीत?"

रुअरी खाली बसला. "मला वाटलं धूर होईल," तो म्हणाला. "खोली धुराने भरेल, हिवाळाभर दुकान बंद राहील, आणि ती माझ्याबरोबर येईल. एवढंच. कोळसा बदललाय हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"आणि मास्तर ओकले तेव्हा? तेव्हा तर डोक्यात आलं होतं ना?"

"काढायचीच होती. रोज म्हणायचो, आज काढतो. पण छपरावर कुणी पाहिलं असतं तर... मग आजी..." त्याने तोंड झाकून घेतलं.

"मला सांगितलं नाहीस," श्योना म्हणाली. "मला उचलून बाहेर न्यायचास आणि आजीला इथे ठेवायचास. माझ्या आईला लोक खुनी म्हणत होते, आणि तू तिच्यासाठी लाकडं फोडत होतास."

उना पेगी आजीकडे वळली. "पोलिसांना बोलवायचं का, ते तुम्ही ठरवा. जीव तुमचा जात होता."

म्हातारीने रुअरीला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "पोरगं प्रेमात पडलं म्हणून मी मरायचं होय?" ती म्हणाली. "बोलवा." मग सुनेकडे न बघता, "इसोबेल, चहा टाक. सगळ्यांसमोर मला दे."

इसोबेल आत गेली. तिने कप आणून दिला तेव्हा तिचा हात खरंच कापला, थोडा चहा बशीत सांडला. आजीने बशीतला चहासुद्धा पिऊन टाकला.

*

जबाब देणं, सह्या करणं यात तो आठवडा गेला. उना आणि मॅग्नस परत निघाले तेव्हा गाडीत मागे श्योना होती, मांडीवर एक लहान बॅग घेऊन. ग्लासगोची जागा अजून रिकामी होती. "मला जायचंच होतं," तिने आईला सांगितलं होतं, "फक्त तुला सांगायचा धीर झाला नाही. सांगितलं ते एकट्या रुअरीला." त्यावर इसोबेलने मुलीचे लोकरी मोजे घडी करून बॅगेत भरले होते.

मॅग्नसला विचारायचं होतं पुष्कळ, पण आरशात श्योनाचा चेहरा दिसत होता, म्हणून तो रस्त्याकडेच बघत गाडी चालवत राहिला. इन्व्हरनेसची पहिली घरं दिसायला लागली तेव्हा मागून आवाज आला.

"काका, फोन दिसला कुठे तर थांबाल जरा?"

"स्टेशनवर आहे की. गाडीला वेळ आहे."

"नाही, आत्ताच," श्योना म्हणाली. "निघताना आईला मी नीट जवळसुद्धा घेतलं नाही."

मॅग्नसने लगेच गाडी बाजूला घेतली.