जहाजाच्या पोटातली टाकी

विश्वास ठेवायचा की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. कोणाला घाबरवून मला काही मिळणार नाहीये. हे माझ्या सख्ख्या भावाच्या बाबतीत घडलंय, आणि तो आत्ता बाहेरच्या खोलीत बसलाय.

निदान मी तरी त्याला भाऊच म्हणतो.

असलं काही रात्रीच घडतं असं लोकांना वाटतं. हे भर दुपारी घडलं. गोदीत.

समुद्राच्या सहलीला नेणारी मोठी जहाजं दर काही वर्षांनी दुरुस्तीला येतात. गोदीत घेऊन पाणी उपसायचं, जहाज कोरडं उभं करायचं, मग वरपासून खालपर्यंत काम. वर जुने गालिचे उपटतात, खोल्यांच्या भिंती बदलतात, नवे आरसे आणि झुंबरं लागतात. प्रवाशांना तेवढंच दिसतं. आम्ही पोटात. तिथे लोखंडी टाक्या असतात. जहाजाचा तोल राहावा म्हणून त्यात समुद्राचं पाणी भरतात, आणि मिठाने त्या आतून गंजतात. तो गंज हातोडीने ठोकून काढायचा आणि रंग द्यायचा हे दादाचं काम. शेवटी टाकीचं झाकण लावून नट आवळायचे हे माझं.

गंज ठोकून ठोकून दादाचे कान अर्धे गेले होते. घरातही ओरडूनच बोलायचा. वहिनी म्हणायची, "अहो, घरात आहात, टाकीत नाही!" मुलं त्याला बिचकायची. डोकं भडक, पण माझ्यावर जीव. वडील गेल्यावर मला त्यानेच वाढवलं. अजूनही चारचौघांत मला 'बुटक्या' म्हणायचा.

आमच्या कामात एक पद्धत आहे. झाकण लावायच्या आधी टाकीवर पान्याने ठोकायचं आणि कान लावायचा. आत कोणी राहिलं असेल तर तो उलट ठोकतो. काहीच आवाज आला नाही, की झाकण बंद.

त्या दुपारी दादाची टोळी बाहेर आली. सगळ्यांना मी डोळ्यांनी पाहिलं. दादा सगळ्यांत शेवटी आला.

मी ठोकलं. कान लावला.

आणि...

ठक्... ठक्...

आतून.

मी झटकन कान मागे घेतला. साहेब जवळच होते. संध्याकाळी गोदीत पाणी सोडायचं होतं, त्यामुळे आधीच वैतागलेले. "अरे, लोखंड आहे ते. वाजायचंच. कर बंद."

दादाला काही ऐकू आलं नव्हतं. त्याने फक्त माझं तोंड पाहिलं.

"काय झालं रे?"

"आत कोणीतरी आहे."

"सगळे इथे आहेत की!"

"दादा, मी ऐकलं."

तो हसला नाही. त्याने बॅटरी उचलली. मी पुढे झालो तर ओरडला, "तू थांब, बुटक्या! तुझं पोट अडकलं त्या भोकात, तर कापून काढावं लागेल!"

सगळे हसले. दादा आत उतरला.

त्याच्या बुटांचा आवाज येत होता. बॅटरीचा उजेड एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात सरकत होता. मग तो दिसेनासा झाला.

मग बुटांचा आवाजही थांबला.

"दादा?"

काही नाही.

"दादा!"

माझाच आवाज फिरून परत आला. मी आत पाय टाकणार, तेवढ्यात...

भोकाच्या कडेवर एक हात आला.

दादा वर आला. हातात बॅटरी नव्हती.

"कोणी नाही. कर बंद," तो म्हणाला.

हळू आवाजात.

"बॅटरी?"

"पडली. जाऊ दे."

आता आमची आणखी एक रीत सांगतो. माणूस स्वतः आत जाऊन बघून आला, की पुन्हा ठोकत नाहीत. ठोकलं, तर त्याच्यावर भरवसा नाही असं तोंडावर सांगितल्यासारखं होतं. आणि हा तर माझा मोठा भाऊ.

मी ठोकलं नाही. झाकण ठेवलं आणि नट आवळले.

थोड्या वेळाने टाकीत पाणी सोडलं. झाकण गळत नाही ना हे बघायला मी तिथेच हात ठेवून उभा होतो. पाण्याचा घुमणारा आवाज येत होता. आणि त्या आवाजाखाली...

ठक्. ठक्. ठक्. ठक्.

या वेळी थांबून थांबून नाही. जिवाच्या आकांताने.

मी गर्रकन वळलो. मागे दादा उभा होता. माझ्याकडे बघत.

"चल घरी," तो म्हणाला.

मी काय करणार होतो, सांगा ना! टोळीतला एकही माणूस कमी नव्हता. माझा भाऊ माझ्यासमोर धडधाकट उभा होता. कोणासाठी आरडाओरडा करू?

पाण्याने टाकी भरली. ठोकणं थांबलं.

सकाळी जहाज निघून गेलं.

त्यानंतर दादा कधी गोदीत आला नाही. दुकानात कामाला लागला. ओरडणं बंद झालं. वहिनी स्वयंपाकघरात पुटपुटली तरी बाहेरच्या खोलीतून त्याचं उत्तर यायचं. डॉक्टर म्हणाले, गेलेले कान असे परत येत नाहीत. शेजारी म्हणाले, देव पावला. मुलं त्याला बिलगून झोपू लागली.

मला तो पुन्हा कधीच बुटक्या म्हणाला नाही.

काल गोदीत एक जहाज आलंय. नाव नवं, रंग नवा. मी ओळखलं नाही. पण पोटात उतरलो आणि पाय आपोआप त्या झाकणापाशी जाऊन थांबले. तेच जहाज. उद्या सकाळी टाक्या उघडायच्या आहेत, आणि ती टाकी माझ्याकडे आहे.

आज मी वहिनीला सगळं सांगायला स्वयंपाकघरात आलो. दादा बाहेर बसला होता. मी तोंड उघडणार, तोच वहिनीने स्वतःच्या ओठांवर बोट ठेवून खूण केली आणि नळ पूर्ण सोडला. पाण्याच्या आवाजात मी तिच्या कानाशी सांगितलं. ती दचकली नाही. रडलीही नाही.

"भावोजी, ते झाकण उघडू नका."

"वहिनी, आत दादा असला तर?"

"असेल." ती भांडी घासत राहिली. "मी त्याच रात्री ओळखलं होतं. बायको आहे मी त्यांची."

"मग इतकी वर्षं..."

"धाकट्याला आठवतं तेव्हापासून हाच बाबा आहे. त्याला काय सांगू? आणि बाहेर बसलाय त्याला कळलं की आपल्याला कळलंय, तर?"

ज्याने मला लहानाचं मोठं केलं, त्याला मी माझ्या हाताने कोंडलं, आणि आता त्याची बायकोच म्हणत होती की राहू दे.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला. शांत. मायेचा.

"नळ बंद कर गं. पाणी वाया जातंय."

वहिनीच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. तिने नळ बंद केला.

"आणि तू," तो मला म्हणाला, "उद्या एकटा जाऊ नकोस. मी येतो बरोबर."

मी अजून त्याला नाही म्हणू शकलेलो नाही.