रेहानाने घातलेला अंबाडा

खालच्या मांडणीवर अकरा डबे होते आणि वरची फळी साफ रिकामी होती. तांदळाचे दोन, डाळींचे चार, रवा, पोहे, शेंगदाणे, गूळ, साखर... सृष्टीने ते पुन्हा मोजले आणि सासूकडे वळून म्हणाली, "आई, काल मी लावलेलं सगळं परत खाली काढलंत! माझं एकही काम तुम्हाला पटत नाही का?"

हात वर जात नाय गं, पोरी... सुमनबाईंच्या ओठांवर आलेलं उत्तर त्यांनी गिळून टाकलं. "खालीच बरं पडतं," म्हणत त्यांनी चपला घातल्या.

"निघालात रेहानाचाचींकडे? जा, आज सांगायला नवीन विषयही मिळाला!"

टोमणा काळजात रुतला. रोज सकाळी त्या शेजारच्या रेहानाकडे सुनेची गाऱ्हाणी करायला नव्हे, केस बांधून घ्यायला जात होत्या! नवरा गेल्यावर दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत, मंडपाखाली दोन्ही हात वर धरून घडांची विरळणी करत त्यांनी रवीला वाढवलं. त्याचं लग्न झाल्यावर, 'तू शीक, घराचं मी बघते' म्हणत सुनेला एमएस्सी करायला लावलं. दिवाळीच्या साफसफाईत उजवा खांदा लचकला आणि एका मालिशवाल्याने तो 'मोकळा' करायला असा काही पिरगाळला, की हात खांद्याच्या रेषेलाही पोचेना. पण एक तारखेला सृष्टीला प्रयोगशाळेत रुजू व्हायचं होतं. कळलं तर ही पोर घरी थांबेल... या एका धास्तीने त्या माउलीने ओठ शिवून घेतले होते!

सुमनबाई घरीच विसरलेला मोबाइल वाजू लागला, तसा तो घेऊन सृष्टी मागोमाग गेली आणि रेहानाच्या दारातच थबकली. सासू पाटावर बसलेली, उजवा हात मांडीवर निर्जीव पडलेला, आणि रेहानाच्या दातांत आकडे.

"मी माहेरी गेले तर काय झिंज्या सोडून फिरशील, सुमनताई? सुनेला सांग ना!"

"गप गं! तिला कळलं तर नोकरी सोडंल ती."

"आई!" सृष्टी त्यांच्या पायांशी कोसळली. "आणि मी... मी रोज तुम्हाला टोचत राहिले!"

"तुला ठावं नव्हतं, बाळ," डाव्या हाताने तिचे डोळे पुसत सुमनबाई म्हणाल्या.

एमआरआय पाहून डॉक्टर म्हणाले, "हात उचलणारा स्नायू हाडापासून पूर्ण सुटलाय. फाट लहान असती तर मी आधी व्यायामच सुचवला असता. ही फाट मोठी आहे. लांबवलं तर स्नायू आक्रसतो, मग टाके धरत नाहीत. दुर्बिणीतून शिवता येईल. सहा आठवडे हात पट्ट्यात, मग फिजिओ. निर्णय तुमचा."

"व्यायामच द्या," सुमनबाई झटक्यात म्हणाल्या.

"ऑपरेशनला भिऊन म्हणता, की माझ्या नोकरीपायी?" सृष्टीने विचारलं.

सुमनबाईंची मान खाली गेली.

"मग मी रुजूच होत नाही!"

"खबरदार!" सोबत आलेली रेहाना कडाडली. "सकाळी आंघोळ घालून तू कामावर जा. दिवसा मी आहे. रात्री रवी भरवेल."

"लेकाच्या हातचं खायचं? त्यापरीस ऑपरेशन सोपं!" सुमनबाई म्हणाल्या, आणि डॉक्टरही हसले. हसता हसताच सुमनबाईंनी होकार दिला.

पट्ट्यातल्या त्या दिवसांत त्यांचं अंतःकरण कृतज्ञतेने भरून येई. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी उचललेले हात... आणि आता पाठीवर पाणी ओतणारी सून, घास मोडून देणारा लेक, आकडे खोचणारी रेहाना! घेण्यातही इतकं सुख असतं, हे त्यांना प्रथमच कळत होतं. रुजू होण्याच्या दिवशी सृष्टी पाया पडली, तेव्हा त्यांना एवढंच म्हणता आलं, "लय केलंस गं माझ्यासाठी..."

"मी? आई, मी?" म्हणत ती रडतच रिक्षात बसली.

पाच महिन्यांनी फिजिओच्या मुलीने त्यांच्या खांद्याशी कोनमापक धरला. सुमनबाईंनी हात समोरून सावकाश वर नेला. ऑपरेशनआधी सत्तर अंश. आज एकशे सेहेचाळीस, वरच्या फळीपर्यंत आणि स्वतःच्या अंबाड्यापर्यंत पोचेल एवढा.