हुक्का कुणी धरलाच नव्हता

"इथे शिहाब नावाचा लबाड कुठे बसतो?" भिजलेली छत्री मिटत मी विचारलं.

कोपऱ्यातला तरुण उठून उभा राहिला. "मीच तो लबाड. चहा घेणार?"

मी चाटच पडले. अलेक्झांड्रियातलं ते पुरुषांचं कॉफीहाउस. मला पाहून सगळे गप्प झालेले. त्यात हा हसत होता!

"मी निहाल. हृदयरोगाच्या पाहणीचे आकडे तपासते. तुम्ही भरून आणलेल्या फॉर्मांवरून धूम्रपान न करणाऱ्यांनाच दुप्पट झटके येतात! घरी बसून भरलेत ना? आमचे प्रोफेसर तुम्हाला कामावरून काढायला निघालेत."

त्याने शेजारच्या म्हाताऱ्याला हाक मारली. "हाजी मुतवल्ली, धूम्रपान करता?"

"तोबा! वीस वर्षांत सिगारेटला हात लावलेला नाही," म्हणत हाजीसाहेबांनी झुरका घेतला आणि धूर थेट माझ्या तोंडावर सोडला.

"अहो... मग हे काय?"

"हे? हा तर हुक्का आहे, पोरी!"

मी आजूबाजूला पाहिलं. माझ्या तक्त्यातले निम्मे निर्व्यसनी लोक तिथेच बसून धूर काढत होते! फॉर्ममधला धूम्रपानाचा प्रश्न मीच लिहिला होता, आणि त्यात हुक्का धरलाच नव्हता. मी मान खाली घालून माफी मागितली.

मग दोन महिने आम्ही दोघांनी दारोदार जाऊन पुन्हा विचारलं. वाटेभर तो मला चिडवायचा, मी खोटं खोटं रागवायची. तो दिसला नाही की दिवस नकोसा व्हायचा.

शेवटचा फॉर्म त्याने स्वतःचा दिला. वय छत्तीस. वडील एकेचाळिसाव्या वर्षी झटक्याने गेले, काका त्रेचाळिसाव्या. हुक्का — रोज तीनदा.

फॉर्म मी दोनदा वाचला. आमच्या तक्त्यात अशा दर तीन माणसांपैकी एकाला झटका येऊन गेला होता.

"मग माझ्याकडे किती वर्षं आहेत, डॉक्टरीणबाई?" तो अजून हसतच होता.

"आकडे एका माणसाचं सांगत नाहीत."

"मग तू सांग."

"मला... चाळीस तरी हवीत."

हे माझ्या तोंडून निघालं कसं? शिहाबने हसायचं थांबवून तो फॉर्म माझ्या हातातून घेतला आणि 'रोज तीनदा' खोडलं.

"शुक्रवारी आईला घेऊन तुझ्या घरी मागणी घालायला येतो," तो म्हणाला. "हुक्का आज सोडला. चाळिसात एकही वर्ष कमी नको."