दातांतला दोरा

पांक्रात साव्विच गेले, ही बातमी इस्पितळातून थिएटरात आली तेव्हा त्यांची मुलगी ग्लाफीरा शिवणखोलीत त्यांच्याच झग्याची किनार उसवत बसली होती. राज्याभिषेकाला झार घालतो तो सोनेरी, जड झगा. मन खाणाऱ्या पापासकट सिंहासनावर बसलेल्या त्या झारचा ऑपेरा तिच्या वडिलांनी उभा जन्म गायला होता. तिने सुई तिथेच टोचून ठेवली. माणूस जातो, कपडे राहतात. त्यांच्याकडे बघवत नाही.

हिवाळ्यात ओम्स्कहून नवा झार आला, एका प्रयोगापुरता. तो प्रयोग पडला तर ऑपेरा कायमचा बंद, असं ठरलं होतं.

जिन्यात ग्लाफीराला बर्फाने पांढरी झालेली टोपी दिसली, तिच्याखाली दारभर माणूस.

"पियानो हलवायला आलात ना? मागच्या दाराने या."

"मुकुट उचलायला आलोय," तो हसला. "मी एर्मोलाय. आणि तुम्ही...?"

"तुमचा झगा... म्हणजे, तो शिवणारी."

झगा त्याला आखूड झाला. वडिलांच्या मापाची दुमड सोडून तिने किनार एका प्रयोगापुरती कच्च्या धावदोऱ्याने धरली. रोज मापं, रोज रास्पबेरीचा मुरंबा घातलेला चहा.

"हात वर करा."

"शरण आलोच आहे, ग्लाफीरा पांक्रातोव्ना."

"मापं घेतेय. कैद नाही करत."

"करा की!"

ती टेपकडे बघत राहिली. टेपवरचे आकडे काही दिसेनात.

प्रयोगाच्या दिवशी, विंगेतून निघायच्या तोंडावर मागच्या सरदाराचा पाय झग्यावर पडला. टर्रकन खांदा उसवला. बाहेर गायकवृंद झारचा जयजयकार करू लागला होता. ग्लाफीरा सुई घेऊन धावली, आधी लाल दोऱ्याचा तुकडा त्याच्या ओठांशी धरला.

"दातांत धरा. अंगावर शिवताना दोरा चावला नाही, तर आठवण शिवली जाते."

"म्हणजे गाणं विसरेन?"

"गाणं... आणि मलाही."

त्याने झटकन दोरा चावला. आता त्याला बोलता येत नव्हतं, म्हणून तिला धीर आला. शेवटचा टाका घालताना ती खांद्याशी पुटपुटली, "उद्याच्या गाडीने जाऊ नका ना—"

त्याचे डोळे मोठे झाले. तेवढ्यात घंटा घणघणल्या. तो तसाच निघाला.

दोरा! तो अजून त्याच्या दातांतच होता. आता ठसकणार... सगळं संपणार.

आणि आवाज आला. खोल, भरदार. अख्खं थिएटर थरारलं. शेवटच्या पडद्याला लोक उभे राहिले, पाय आपटू लागले. म्हातारा संगीतसंचालक डोळे पुसत ओरडला, "पांक्रातचा झार जिवंत आहे रे!" ग्लाफीरा त्या आवाजात हसत होती, रडत होती.

घामाने निथळत एर्मोलाय विंगेत आला.

"ग्लाशा, घोटाळा झाला. दोरा गिळला मी."

"अरे देवा! थुंकायचा ना!"

"झारने? राज्याभिषेकाला? आता तुझी आठवण पोटात गेली. ती घेऊन ओम्स्कला कसा जाऊ, सांग?"

"मग नको जाऊस," ती म्हणाली. तिच्याही तोंडून 'अहो' गळून पडलं.

वसंतात त्यांचं लग्न झालं. ऑपेरा अजून चालतो, तिकिटं मिळत नाहीत. झग्याची किनार मात्र कच्च्या धावदोऱ्यावरच आहे. ती पक्की शिवायची राहिली आहे.